दुकानातील पाऊण तास



गेल्या दिवाळीत एका मोठ्या दुकानाच्या दाराशी मला अडविण्यात आले. पिशवीत उटण्याची पुडी होती. ती आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडची. मला आतल्या खोलीत बसविले, दाराशी पहारेकरी उभा. एका पुरुषाने पिशवी उपसली. पाऊण तासाने वाण्याची पावती सापडली, तेव्हा “जा आता” एवढेच म्हणाले! अपराध त्यांचा, आणि लाज मात्र मला. घरी ह्यांनासुद्धा चार दिवस सांगितले नाही.

पुढे वकील असलेल्या भाचीने समजाविले. कुलूप लावलेच पाहिजे असे नाही. पहारा बसवून जाऊ न देणे हेही कोंडणेच. भारतीय न्याय संहिता, 2023, कलम 127 : एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय दिवाणी दावा निराळाच. खासगी माणसाला कोणास पकडता येते, पण गंभीर गुन्हा डोळ्यांदेखत घडला तरच. नुसत्या संशयावर नव्हे. अटकेतल्या बाईची झडती पोलिसांनासुद्धा बाईकडूनच घ्यावी लागते, मग दुकानातल्या पुरुषाची काय कथा?

मी मालकांना पत्र धाडले. दोन ओळींचे माफीपत्र आले. ते बरोबर आणले आहे. चहाच्या वेळी पाहा.