सामन्याआधीची बातमी



बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. कडी ३.०५ मीटर उंचीवर. खेळ दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एवढ्याशा जागेत परभणी जिल्ह्यातले संघ जिवाचे रान करतात, आणि मैदानाच्या कडेला बघायला उभे असतात ते बहुधा पुढच्या सामन्याचे खेळाडू. गावाला सामन्याचा पत्ताच नसतो.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र येते. पुढे खुर्च्यांवर मान्यवर, मागे ट्रॅकसूटमधला संघ. खालच्या मजकुरात संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, उपप्राचार्य यांनी अभिनंदन केल्याचे लिहिलेले असते. सामना किती गुणांनी जिंकला, सर्वाधिक गुण कोणी केले, कर्णधार कोणत्या गावची, यातले काही नसते. मान्यवरांचा मान राहिलाच पाहिजे. पण पहाटेच्या गाडीने सरावाला येणाऱ्या मुलीचे नाव ‘विजयी संघ’ या दोन शब्दांत बुडू नये.

या बाबतीत यात्रेतल्या कुस्त्यांचा फड महाविद्यालयांच्या कितीतरी पुढे आहे. फडाच्या पत्रकावर एक नंबरची कुस्ती कोणात, कोण कोणत्या तालमीचा, इनाम किती, फड कधी सुरू होणार, हे ठळक छापलेले असते. लोक आपला पैलवान ठरवूनच घरून निघतात. आता अशा फडांचे आणि गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होते, तेही मराठी समालोचनासह. मोबाइल तोच, इंटरनेट तेच. तिथे सामना होण्याआधी बातमी पोचते. महाविद्यालयात ती सामना संपल्यावर तयार होते.

महाविद्यालयांकडे संकेतस्थळे नाहीत असे नाही. अनेक ठिकाणी ती भरली गेली महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी. त्यातल्या पाचव्या निकषात, विद्यार्थी साहाय्य आणि प्रगतीखाली, खेळातल्या पारितोषिकांची संख्या आणि पुरावे द्यावे लागतात. मग प्रमाणपत्रे स्कॅन होतात, एका लांबलचक पीडीएफमध्ये जोडली जातात आणि वार्षिक अहवालाच्या दुव्यामागे जाऊन बसतात. स्कॅन म्हणजे चित्र. त्यातले नाव शोधताना अनेकदा सापडतच नाही. खेळाडूने स्वतःचे नाव गूगलवर टाकले, तर स्वतःच्याच महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असलेले तिचे यश तिला दिसत नाही. तपासणी समितीचे काम भागते, खेळाडूचे भागत नाही. उपाय साधा आहे. प्रमाणपत्राशेजारी युनिकोड मराठीत एक तक्ता टाइप करावा: तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी संघ, गुणसंख्या, खेळाडूंची नावे.

अमेरिकेत हे काम म्हणजे एक स्वतंत्र पेशा आहे. महाविद्यालयीन खेळांची माहिती देणाऱ्यांची तिथली संघटना १९५७ ची. मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागाला वेगळे संकेतस्थळ असते आणि त्यावर वेळापत्रक, प्रत्येक खेळाडूचे पान, आकडेवारी, तिकिटे असे सगळे मिळते. तिथले आयोवा हे राज्य परभणीकरांनी मुद्दाम पाहावे, कारण तेही शेतीचे, मका आणि सोयाबीनचे राज्य. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने फुटबॉलच्या स्टेडियमवर, उघड्या आभाळाखाली एक प्रदर्शनीय सामना ठेवला. ५५,६४६ प्रेक्षक आले. महिला बास्केटबॉलला त्याआधी एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. पुढे एप्रिल २०२४ मध्ये आयोवा आणि साउथ कॅरोलिना यांचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्या वर्षी त्याहून कमी प्रेक्षक लाभले.

आयोवाच्या संघातल्या केटलिन क्लार्कच्या लांबून मारलेल्या बास्केटच्या चित्रफिती फोनाफोनांवर फिरल्या, हे त्या गर्दीचे एक कारण. दुसरे कारण जुने आहे. क्लार्क त्याच राज्यातली मुलगी, आणि त्या राज्यातल्या लहान लहान गावांच्या शाळांत मुलींचा सहा-सहा जणींचा बास्केटबॉल १९९३ पर्यंत खेळला जात होता. खेळ कळणाऱ्या आज्या आणि आया घरोघरी होत्याच. समाजमाध्यमांनी त्यांच्या हाती तारीख, वेळ आणि ओळखीचा चेहरा दिला.

परभणीतही खेळ कळणारा प्रेक्षक आहे. कबड्डी, खो-खो आणि कुस्ती इथल्या माणसाला शिकवावी लागत नाही. परभणीच्या ज्योती गवते हिने २०१७ ची मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांच्या गटात जिंकली, तेव्हा जिल्ह्याचा ऊर भरून आला. अशा धावपटूची पहिली आंतरमहाविद्यालयीन शर्यतही तिच्या गावाला कळायला हवी. त्यासाठी मुंबई जिंकेपर्यंत थांबायला लागू नये.

बास्केटबॉलपुरते बोलायचे तर एकच खांब उभा असलेल्या महाविद्यालयालाही वाट मोकळी आहे. तीन-तीनच्या खेळाला अर्धे मैदान आणि एक कडी पुरते. सामना १० मिनिटांचा, किंवा त्याआधी एखाद्या संघाचे २१ गुण होईपर्यंत. टोकियोपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. उन्हे उतरल्यावर तासाभरात चार सामने होतात आणि एका स्टँडवर लावलेल्या मोबाइलवरून ते सगळे दाखवता येतात. क्रीडा संचालकाने प्रवेशिका, प्रवासभत्त्याची बिले आणि मैदानाची आखणी सांभाळून हेही एकट्याने करावे, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. संगणकशास्त्राचे विद्यार्थी पान सांभाळू शकतात, मराठी विभागाचे विद्यार्थी समालोचन करू शकतात. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीत क्रिकेट ऐकवले, वि. वि. करमरकरांनी मराठी वृत्तपत्रात खेळाला मानाचे पान मिळवून दिले. त्या परंपरेत परभणीच्या मुलांना जागा आहे.

यात एक मर्यादा कसोशीने पाळावी लागेल. चेहरा आणि नाव खेळाडूचे असते, संस्थेचे नव्हे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमाई करण्याची मोकळीक मिळाली ती १ जुलै २०२१ पासून. तोवर खेळ खेळाडूंचा आणि उत्पन्न संस्थांचे अशी रीत होती. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या भारतीय कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि अकरावी-बारावीचे बहुतेक खेळाडू याच वयाचे. जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक असलेली पात्रता यादी फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची सवय आजच बंद व्हावी. मुलींच्या चित्रफितींखाली येणाऱ्या शेऱ्यांवर लक्ष ठेवायला एक जबाबदार शिक्षिका नेमलेली असावी.

सामन्यांच्या अशा नोंदीचा फायदा पोटापाण्याशीही जोडलेला आहे. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही राज्याने पाहिली आहेत. सामन्याच्याच दिवशी, तारखेसह सर्वांसमोर ठेवलेली संघाची यादी आणि गुणपत्रक प्रामाणिक खेळाडूच्या बाजूने पुढे कितीतरी वर्षे बोलेल.

म्हणून अध्यक्षपदावरून परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या या संमेलनापुढे तीन सूचना आहेत. येत्या हंगामात प्रत्येक यजमान महाविद्यालयाने सामन्यांचे वेळापत्रक, संघ आणि कर्णधारांच्या नावांसह, आठ दिवस आधी संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर द्यावे. निकाल त्याच संध्याकाळी गुणसंख्येसह टाइप करून टाकावा आणि अभिनंदनाच्या मजकुरात खेळाडूंची नावे सर्वांत वर यावीत. छायाचित्रे आणि चित्रफितींसाठी खेळाडूची, आणि ती अल्पवयीन असल्यास पालकांची, लेखी संमती प्रवेशिकेसोबतच घ्यावी. दुपारच्या सत्रात या सूचनांवर मोकळी चर्चा व्हावी आणि त्या ठरावाच्या रूपाने विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे जाव्यात, ही विनंती.