डब्यातली ताकद आणि अंगातली ताकद
(माळशिरस येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



परवा ऊसतोडीच्या एका कोपीवर गेले होते. पस्तिशीच्या आतल्या एका बाईनं पावडरचा डबा दाखवला. म्हणाली, "ताई, हा दुसरा. उचल फिटेना, त्यात हा खर्च. तरी मोळी उचलताना पाय लटपटतात." तीन वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली होती. अंडाशयं ठेवली की काढली, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

डब्यात अमिनो आम्लं असतात. म्हणजे प्रथिनांचे सुटे मणी. डाळ, अंडं पचल्यावरही शेवटी तेच मणी रक्तात येतात. मात्र स्नायूंनी ते घेऊन माळ ओवायची की असलेली माळ तोडायची, याचा निरोप संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, देतात.

जेवल्यावर इन्सुलिन वाढतं. ते मणी स्नायूत जायला मदत करतं, आणि मुख्य म्हणजे झीज रोखतं. कॉर्टिसॉलचं उलट. उपासमार, आजारपण, सततचा ताण यांत ते चढं राहिलं, की शरीर स्नायू मोडून साखर करतं. दुखण्यावर बरेच दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या, तरी स्नायू असेच झिजतात. तिसरं इस्ट्रोजेन. ते मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पाळी जाताना ते कमी होतं आणि स्नायूंची, हाडांची झीज वाढते. नुसती पिशवी काढली तर ते लगेच थांबत नाही. पण पाळी जायच्या आधीच दोन्ही अंडाशयं काढली, तर ते एकदम तुटतं.

म्हणून हा प्रश्न एकटीचा नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक! आपल्या तालुक्यातल्या फडांवरही बीडकडच्या बाया येतात. पहाटे उठायचं, दिवसभर तोडायचं, सगळ्यांना वाढून उरलं तर खायचं. पोटच भरलं नाही, तर महागडे मणीही शरीर सरपणासारखे जाळून टाकतं.

मग करायचं काय? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. पन्नास ग्रॅम तूरडाळीत अकरा, मूठभर शेंगदाण्यात सात, एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत भरपूर. म्हणून भाकरीबरोबर डाळ हवीच. पण हे सगळं बाईच्या ताटात पडलं तर! नवऱ्याबरोबर, मुलांबरोबर तिनंही जेवायला बसलं पाहिजे.

आणि पिशवी काढायला सांगितली, तर कागदावर अंगठा देण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. औषधानं भागणार नाही का? अंडाशयं काढणार का, आणि का? दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेऊ का? जिचं ऑपरेशन झालंय, तिनं आपले कागद मागून घ्यावेत, हाडांची तपासणी आणि पुढचे उपचार यांबद्दल विचारावं.

त्या बाईबरोबर तिचे कागद आणायला मी जाणार आहे. तुमच्या गावात अशी कोण आहे, याची यादी प्रत्येक गटानं करावी. तिच्याबरोबर दवाखान्यात जायला आपल्यातली एक तरी हवी.