हसरी कचेरी, मोकळा अभिप्राय



१९४८ साली दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांचे 'शंकर्स वीकली' हे साप्ताहिक सुरू झाले. त्या वेळी पंतप्रधान पंडित नेहरूंनी, टीकेतून आपल्यालाही वगळू नये, असे शंकरांना आवर्जून सांगितले. आणि शंकरांनी त्यांना खरोखरच वगळले नाही.

वरिष्ठाने स्वतःवरील विनोद हसून स्वीकारला, की कनिष्ठाला सत्य बोलण्याचे बळ येते. शाळेचे छप्पर गळते, हे प्रथम शिपायाला दिसते. अर्जदाराचे हेलपाटे कोणत्या टेबलापाशी वाढतात, हे कारकुनाला ठाऊक असते. साहेबांच्या कपाळावरील आठीच्या भयाने या गोष्टी दडल्या, तर 'सर्व ठीक' असा अहवाल वर जातो आणि छप्पर मात्र एके दिवशी मुलांच्या डोक्यावर कोसळते.

विनोद आणि टवाळी यांत मात्र अंतर आहे. चिं. वि. जोशी यांचा कारकून चिमणराव स्वतःच्या फजितीने हसवितो. कोणाच्या गरिबीवर, बोलीवर किंवा जातीवर केलेली थट्टा माणसाचे तोंड कायमचे बंद करते.

म्हणून बैठकीच्या आरंभी कार्यालयप्रमुखाने आपली एखादी चूक हसतमुखाने सांगावी. त्यानंतर सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्यास प्रथम बोलू द्यावे. आलेली सूचना नोंदवून घ्यावी आणि तिचे काय झाले, हे पुढील बैठकीत सर्वांसमक्ष सांगावे. सूचना अमान्य झाली, तर कारणही द्यावे. ज्या सूचनेला उत्तर मिळत नाही, ती त्या माणसाची अखेरची सूचना ठरते.