दोनशे एकावा माणूस

नाचणगावातून बोलतोय. मागं पुलगावच्या गाड्यांचे भोंगे ऐकू आले तर चालवून घ्या.

विषय कायद्याचा आहे, पण सुरुवात तुरीपासून करतो. आमच्या देवळी तालुक्यात तूर पिकते. आम्ही ती विकतो आणि डाळ दुकानातून आणतो. म्हणून आम्ही काही जणांनी छोटी डाळमिल टाकायचं ठरवलं. बँकेनं तारण मागितलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, प्रत्येकी 5,000 रुपये द्या, हिस्सा घ्या. आठवड्यात 212 नावं आली. 31 जणांनी पैसेही दिले.

यादी घेऊन सीएकडे गेलो. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "आधी पैसे परत करा, मग बोलू."

कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 प्रमाणे खासगी पद्धतीनं शेअर द्यायचे तर वर्षाला जास्तीत जास्त 200 जणांना, तेही आधी नावानिशी ठरवलेल्या, जाहिरात न करता. शेतकरी उत्पादक कंपनी केली तर सभासद फक्त उत्पादक. पुण्यात नोकरी करणारा पोरगा बाद. परतावा कबूल करून लोकांकडून ठेवी घेतल्या, तर 2019 चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आडवा येतो. त्यात नुसतं मागणंही गुन्हा आहे. सेबीनं 2014 मध्ये क्राउडफंडिंगवर चर्चापत्र काढलं होतं. त्यातून आमच्यासारख्यांसाठी दार उघडलं नाही. 2016 मध्ये सेबीनं उलट विनापरवाना प्लॅटफॉर्मपासून गुंतवणूकदारांना सावध केलं.

राग आला, खरं सांगतो. पण ही भीती उगाच नाही. सहारा प्रकरणात जवळपास 3 कोटी लोकांकडून पैसे गोळा झाले आणि त्याला 'खासगी' म्हटलं गेलं. सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये ते मान्य केलं नाही आणि पैसे व्याजासकट परत करायला सांगितलं. 200 ही ओळ अशा गोष्टींसाठीच आहे. फक्त तिच्यासमोर सहारा आणि आमची डाळमिल एकाच रांगेत उभे राहतात.

माझा एक वर्गमित्र जर्मनीत असतो. तो म्हणाला, मी इथं बसून दुसऱ्या देशातल्या छोट्या प्रकल्पात थोडे युरो टाकू शकतो, तुझ्या डाळमिलमध्ये का नाही? युरोपात आधी देशागणिक नियम वेगळे होते. 10 नोव्हेंबर 2021 पासून एकच नियमावली लागू झाली. एका देशाचा परवाना बाकीच्या सदस्य देशांत चालतो. एका प्रकल्पाला 12 महिन्यांत 50 लाख युरोपर्यंत उभारता येतात. मला त्यातल्या दोनच गोष्टी भावल्या. प्रकल्पाची माहिती जास्तीत जास्त सहा पानांत द्यायची, आणि ज्या देशात विकायचं तिथल्या राजभाषेत किंवा तिथल्या नियामकाला चालेल अशा भाषेत. दुसरं, नवख्या गुंतवणूकदाराला चार दिवस मिळतात. त्यात मन बदललं तर कारण न देता मागे फिरता येतं. तरी जाहिरातीचे नियम आणि नुकसानभरपाईचा दावा अजून ज्या त्या देशाच्या कायद्यानंच चालतो. म्हणजे तिथंही सगळं एक झालेलं नाही.

आपल्याकडं शेजाऱ्यांशी असं काही होईल असं मला तरी दिसत नाही. एप्रिल 2020 मध्ये आपण उलट नियम केला, की जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी लागेल. नेपाळ, भूतानही त्यात आले. पण सहा पानं मराठीत लिहायला आणि चार दिवस थांबायला कुणाशी करार करावा लागत नाही. 25 लाखांच्या डाळमिलसाठी सेबीनं एवढंच मागितलं असतं, तर मी दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं असतं.

पैसे परत करायला घरोघर फिरलो. तीस जणांनी घेतले, दोघांनी तर मोजून. गल्लीतल्या काकूंनी मात्र हातच मागे घेतला.

"मले व्याज नको बाबू, डाळ दे."

त्यांना कलम 42 कसं समजावणार? शेवटी त्यांच्या लेकाच्या खात्यात टाकले. काकू अजून विचारतात, मिल कधी सुरू होते म्हणून.