पान १ च्या शेजारी पान १६ का?



महाराष्ट्राबाहेरची मराठी मंडळं, वाचनालयं, आमच्या माजी सैनिकांच्या संघटना, सगळीकडे छोट्या पुस्तिका निघतात. गणेशोत्सवाची स्मरणिका असते, कधी माहितीपुस्तिका असते. लिहिणारे मिळतात, टाइप करणारेही मिळतात. गाडी अडते ती पुढे: कोणतं पान कागदावर कुठे बसवायचं? छपाईवाले याला 'इम्पोझिशन' म्हणतात. फौजेतून निवृत्त झाल्यावर पुस्तिकांची कामं अंगावर आली, तेव्हा हे शिकलो. आज तेवढंच सांगतो.

ए-फोर आकाराचे ४ कागद घ्या. एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. १६ पानांची पुस्तिका झाली. पेन्सिलीने १ ते १६ आकडे घाला आणि कागद सुटे करा. सर्वांत बाहेरच्या कागदावर १६ आणि १ शेजारी दिसतील, पाठीमागे २ आणि १५. दुसऱ्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, मागे ६ आणि ११. चौथ्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९.

कोणतीही जोडी घ्या, बेरीज १७. म्हणजे एकूण पानं अधिक एक. २४ पानांच्या पुस्तिकेत २५, ३२ पानांच्या पुस्तिकेत ३३. विषम आकडा नेहमी उजवीकडे. ही बेरीज तुमच्या हातातला पहारेकरी आहे.

दुमडलेल्या प्रत्येक कागदाची ४ पानं होतात, म्हणून एकूण पानं ४ च्या पटीत हवीत. मजकूर १८ पानांचा असेल तर पुस्तिका २० पानांची होणार. उरलेली २ पानं कुठे कोरी ठेवायची ते तुम्ही ठरवा. सॉफ्टवेअरवर सोडलं तर ती शेवटी येतात.

घरच्या प्रिंटरवर काढायचं असेल तर अ‍ॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'बुकलेट' निवडा. जोड्या तोच लावतो. बाइंडिंग 'लेफ्ट' ठेवा. 'राइट' हे उर्दूसारख्या उजवीकडून वाचायच्या पुस्तकांसाठी. दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड कडेवर उलटायला सांगा, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. इनडिझाइनमध्ये हेच काम 'प्रिंट बुकलेट' करतो.

प्रेसला देताना मात्र उलट करा. पानं क्रमाने, एकेक सुटी अशी पीडीएफ द्या. स्वतः जोड्या लावून देऊ नका. प्रेसचं सॉफ्टवेअर त्या जोड्यांनाच पान समजून पुन्हा मांडणी करतं आणि सगळा घोळ होतो.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय? आमच्या संघटनेने वीरपत्नींसाठी कुटुंब निवृत्तिवेतनाची १६ पानी मराठी पुस्तिका काढली होती. छापली दुसऱ्या राज्यात, जिथे मशीनवरच्या माणसाला देवनागरी आकडे वाचता येत नव्हते. त्यात त्याचा काय दोष? पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदाच्या पाठी आपापसात बदलल्या. पुस्तिका वाचताना ३ नंतर ६ आलं, मग ५, मग ४. पान ३ वर कागदपत्रांची यादी सुरू होत होती, ती ४ वर संपत होती. ६ वर अर्ज कुठे द्यायचा ते होतं. वाचणाऱ्या बाईंना वाटलं, यादी संपली. अर्धीच कागदपत्रं घेऊन त्या एसटीने जिल्ह्याच्या गावी गेल्या आणि हात हलवत परतल्या. एक दिवसाची मजुरी बुडाली. छापील कागदावर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी पानांचे आकडे तपासले नाहीत. का तपासावेत?

तेव्हापासून आमच्या प्रत्येक कामात दोन गोष्टी ठरलेल्या. पहिली, हाताने दुमडलेली, आकडे घातलेली कोरी डमी फाइलबरोबर प्रेसमध्ये जाते. दुसरी, प्रत्येक पानाच्या कडेला, कापात जाणाऱ्या भागात, रोमन लिपीतले बारीक आकडे घालतो. 1, 2, 3 हे चेन्नईत, हैदराबादेत, कोलकात्यात सगळ्यांना वाचता येतात. पुस्तिका कापली की ते निघून जातात.

पुस्तक जाडजूड असेल तर नियम थोडा बदलतो. मधोमध पिन मारलेल्या ६४ पानांच्या पुस्तिकेत १६ कागद एकात एक बसतात. साध्या कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तरी आतला कागद दीडेक मिलिमीटर बाहेर सरकतो आणि कापताना त्याचा समास खाल्ला जातो. म्हणून बाहेरचा समास सढळ ठेवा. त्याहून मोठं पुस्तक १६-१६ पानांच्या फॉर्मांत छापतात आणि फॉर्म एकापुढे एक लावून बांधतात. तिथे बेरीज प्रत्येक फॉर्मची वेगळी: पहिल्याची १७, दुसरा १७ ते ३२ चा, म्हणून त्याची ४९.

शेवटची गोष्ट. पूर्ण छपाईला होकार देण्याआधी एक प्रत दुमडून मागवा आणि ज्याने ती लिहिलेली नाही अशा माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला द्या. लिहिणाऱ्याला मजकूर पाठ असतो, त्याची नजर चूक ओलांडून जाते. नवखा वाचक मात्र जिथे वाक्य तुटतं तिथेच थांबतो. तो थांबला, की तुम्हीही मशीन थांबवा.