यादीला प्रश्न विचारण्याची सोय
(संगणक विषयाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



शिष्यवृत्तीची यादी फलकावर लागली की तिच्यापुढे किती गर्दी होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तीच यादी संगणकाच्या पडद्यावर आणली, पण शोधण्याची सोय ठेवली नाही, तर आपण फक्त फलक बदलला, एवढेच म्हणावे लागेल.

रूबी ऑन रेल्समध्ये काम करणाऱ्यांसाठी 'रॅन्सॅक' हे तयार साधन आहे. शोधाच्या अर्जात रकान्याच्या नावाला 'कॉन्ट' जोडले की ती अक्षरे असलेल्या सर्व नोंदी मिळतात. 'इक्यू' जोडले की तंतोतंत जुळणाऱ्याच. रकान्याच्या मथळ्यावर दुवा ठेवला की पहिल्या क्लिकला चढता क्रम लागतो, दुसऱ्या क्लिकला उतरता. शोधाचे शब्द पानाच्या पत्त्यातच राहतात; म्हणून क्रम बदलला तरी शोध पुसला जात नाही.

काम इतके सोपे आहे. परंतु तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : गुण अंक म्हणूनच साठवा. अक्षरे म्हणून साठवलेत, तर चढत्या क्रमात 100 हे 35 च्या आधी येतील.

दुसरी : अनेकांचे गुण सारखे असतील, तर त्यांचा आपसातला क्रम निश्चित नसतो. यादी अनेक पानांची असेल, तर एखादे नाव दोनदा दिसेल आणि एखादे कोणत्याच पानावर दिसणार नाही. म्हणून गुणांच्या जोडीला नोंदणी क्रमांकही क्रमात घ्या. यादीतून निसटलेले नाव कोणा गरीब मुलाचे असू शकते, हे विसरू नका.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. जो रकाना पडद्यावर दिसत नाही, त्यालाही प्रश्न विचारता येतो. 'या अक्षराने सुरू होते काय?' असे पुन्हा पुन्हा विचारून पासवर्ड बदलण्याची गुप्त खूण एकेक अक्षराने काढता येते, हे संशोधकांनी 2023 साली दाखवून दिले. त्याच वर्षी आलेल्या रॅन्सॅकच्या चौथ्या आवृत्तीपासून, कोणते रकाने शोधासाठी खुले आहेत, हे स्पष्ट लिहून देणे बंधनकारक झाले. ती यादी लिहिताना कंटाळा करू नका. नाव, वर्ग, गुण खुले ठेवा. पालकांचा फोन आणि उत्पन्न बंद ठेवा.

मित्रहो, दार उघडणे ही सेवा आहे. कोणते दार बंद ठेवावे हे जाणणे ही जबाबदारी आहे. दोन्ही सांभाळा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.