चांगली पुढारीण कोणती?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



या विषयावर बोलायचे तर आपल्या उपनगरातले एक उदाहरण पुरे आहे. गोरेगावच्या मृणालताई गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून समाजकार्यात पडल्या. १९५८ साली पती केशव गोरे निवर्तले. तरी १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. पाण्यासाठी त्या इतक्या झगडल्या, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले.

१९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट. पण महागाईला कोठला आला पक्ष? चूल सांभाळणाऱ्या बायका लाटणी घेऊन मोर्चात उतरल्या. या पुढारिणी त्यांच्या वतीने नुसत्या बोलल्या नाहीत. त्यांनाच बोलते केले. पुढारीपणाची खरी कसोटी ही.

आता स्वतःविषयी. गेली अकरा वर्षे मी चिटणीस आहे. वर्गणी, हिशेब, हळदीकुंकू, सारे मीच पाहिले. "तुमच्यावाचून चालायचे नाही" हे ऐकून सुखावतही होते. मध्यंतरी आजारी पडले, तर पावतीपुस्तक कोठे आहे हेच कोणास ठाऊक नव्हते! तेव्हा उमगले, की ही माझी थोरवी नव्हे, माझी चूक आहे.

म्हणून पुढील वर्षी हे काम नव्या दोघींनी करावे. चुका होतील; माझ्याही झाल्या. मी शेजारी बसेन, पण लेखणी हाती घेणार नाही.